गवती चहा आणि डास : माझ्याच पोस्टचा खुलासा

‘बाल्कनीत गवती चहाच्या चार कुंड्या ठेवा, डास घरात फिरकणार नाहीत’ हा मेसेज गेल्या महिन्यात मीच पुढे पाठवला होता. तो चुकीचा आहे.

डासांना नकोसं वाटतं ते पात्यातलं तेल. पण ते पात्याच्या आत असतं. उभ्या ठोंबाजवळ नाक नेऊन बघा, फारसा वास येत नाही. पातं चुरगळलं की लगेच दरवळतो. डास पळवायला बाजारात मिळणारं सिट्रोनेला तेलही त्याच जातकुळीच्या, पण वेगळ्या गवताची पाती वाफवून काढतात. नुसतं रोप उभं राहून डास हटत नाहीत. मी कुंड्यांना खेटून बसले, तरी डासांनी पायांना चावे घेतलेच.

त्यात कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचलेलं, आणि त्यात वळवळणाऱ्या अळ्या! म्हणजे डास हाकलायला ठेवलेल्या कुंडीखालीच त्यांचा पाळणा हलत होता. अंड्यापासून डास व्हायला साधारण ८ ते १० दिवस लागतात, म्हणून ताटल्या आठवड्यातून एकदा तरी घासून कोरड्या कराच.

गवती चहा मात्र जरूर लावा. पाच-सहा तास ऊन, निचऱ्याची माती, मोठी कुंडी एवढं पुरतं. कुंपणाकडेला दीड-दोन फुटांवर ठोंब लावले की वाऱ्यावर डुलणारी सुरेख झालर होते, शिवाय चहाला पाती घरची.

जुना मेसेज कुणाच्या ग्रुपवर फिरत असेल तर कृपया पुढे पाठवू नका. मी पाठवलेल्यांना कळवते आहेच.