‘कथेउदो’ म्हणजे झोप, ‘कोइमाओमाई’ म्हणजे मरण? मजकूर तसं म्हणत नाही

बायबलच्या अभ्यासकांत एक दावा बराच फिरतो: ग्रीकमधलं ‘कथेउदो’ म्हणजे रोजची झोप, ‘कोइमाओमाई’ म्हणजे श्रद्धावंताचा मृत्यू, आणि नव्या करारात (बायबलचा येशू आणि त्याच्या शिष्यांबद्दलचा, ग्रीकमध्ये लिहिलेला भाग) या दोघांची कधीच सरमिसळ होत नाही. मजकूर उघडला की दावा कोसळतो.

‘कोइमाओमाई’ नव्या करारात 18 वेळा येतं. त्यांतल्या 14 ठिकाणी विषय मरणाचा आहे, हे मान्य. उरलेल्या चारांचं काय? मत्तय 28:13 मधले कबरीवरचे पहारेकरी, लूक 22:45 मधले दुःखानं दमलेले शिष्य, प्रेषितांची कृत्ये 12:6 मध्ये दोन शिपायांच्या मधे निजलेला पेत्र: सगळे चांगले जिवंत. चौथी जागा योहान 11:12. येशूचा मित्र लाजर मेलेला असतो, पण तो झोपलाय, असं येशू म्हणतो. शिष्य म्हणतात, मग बरा होईल की! शब्दाला मरणाचाच अर्थ असता तर त्यांचा गोंधळ उडाला असता का?

उलट बाजूही तशीच. थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्रात 5:6 ला ‘कथेउदो’ म्हणजे गाफील राहणं. चारच वचनं पुढे, 5:10 ला, तेच क्रियापद मेलेल्यांसाठी. जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात तर स्तोत्र 88 मधले कबरीत पडलेलेही ‘कथेउदो’च करतात.

मरणाला झोप म्हणणं ख्रिस्ती लोकांनी सुरू केलं, ही दाव्याची शेपटी. पण ख्रिस्ताच्या कितीतरी आधीच्या इलियड या ग्रीक महाकाव्यात, 11व्या सर्गात, ग्रीक सेनापती आगामेम्नोनच्या हातून मारला गेलेला योद्धा इफिदामास ‘काशाची (ब्राँझची) झोप’ झोपतो, आणि क्रियापद ‘कोइमाओमाई’च.

सगळ्यात पोकळ युक्तिवाद रूपांचा. मेलेल्या, आणि येशूनं पुन्हा उठवलेल्या, याईराच्या मुलीबद्दल येशू ‘कथेउदेइ’ असं वर्तमानकाळी रूप वापरतो, म्हणून म्हणे ती झोप तात्पुरती. अहो, या क्रियापदाची नव्या करारातली सगळी रूपं वर्तमानकाळाच्या मूळ रूपावरूनच (अंगावरूनच) बनलेली आहेत: वर्तमान, नाहीतर ‘एकाथेउदोन’सारखा अपूर्ण भूतकाळ. आतिक ग्रीकमध्येही (अथेन्सची अभिजात बोली) साध्या भूतकाळासाठी बहुधा ‘कातेदार्थोन’ हे दुसऱ्याच धातूचं रूप उसनं घेत. (‘एकाथेउदोन’ही गमतीदार आहे. ‘काता’ हा उपसर्ग, ‘हेउदो’ मूळ क्रियापद. पण भूतकाळाचा ‘ए’ उपसर्गाच्याही आधी बसलाय. बोलणाऱ्यांना जोड जाणवेनाशी झाली होती.) जिथे दुसरं रूप हाताशीच नव्हतं, तिथे लेखकानं हे मुद्दाम निवडलं असं कशाच्या जोरावर म्हणायचं?