मोबाईलपेक्षा लहान पापलेट

आज डोकं सटकलंय, आधीच सांगतो.

रविवार, म्हणून मासळी घ्यायला गेलो. बर्फावर पापलेटं मांडलेली. पापलेटं कसली, पिल्लंच ती! एकाशेजारी मोबाईल ठेवून पाहिला. मोबाईल पंधरा सेंटिमीटरचा, मासा त्याच्याहून तीन बोटं कमी. विकणारा म्हणतो, "काहून मोजून राहिले भाऊ? लहानच गोड लागते." माझ्या पुढच्या बाईंनी दोन किलो नेलेसुद्धा.

2023 मध्ये आपल्या सरकारने पापलेटला राज्यमासा केलं. त्याच वर्षी 54 जातींसाठी पकडायची किमान लांबी ठरवली, पापलेटसाठी 135 मिलिमीटर. आईबापाचा सत्कार करायचा आणि पोरं रवा लावून तळायची!

पंधराएक वर्षांपूर्वी रत्नागिरीला मित्राच्या काकांच्या ट्रॉलरवर एक रात्र काढली होती. (ओकाऱ्यांचं वर्णन टाळतो.) पहाटे जाळं ओढून डेकवर ढीग ओतला. खलाशी उकिडवे बसून भराभर निवडायला लागले. कोळंबी एका टोपलीत, म्हाकूल दुसरीत. उरलेला ढीग निवडलेल्यापेक्षा मोठा, सगळे बोटभर मासे. एकाने फावडं उचललं आणि सगळं परत समुद्रात. मी नागपूरचा खुळा, विचारलं, "आता जगतील ना हे?" तांडेल, म्हणजे बोटीचा कप्तान, नुसता हसला.

मला वाटायचं, हा आपल्याकडचाच गबाळेपणा. पण युरोपात तर हे फावडं कायद्यानेच चालवलं. कॉड, हॅडॉक हे तिकडचे मासे. वर्षाला अमुक टनच कॉड धरायचा, हा कोटा. आता जाळ्याला काय कळतं कोटा संपला ते? हॅडॉकसाठी टाकलं तरी कॉड येतोच. कोट्यावरचा बंदरावर आणला तर गुन्हा, म्हणून मेलेला मासा द्या फेकून. वहीत कोटा पाळलेला! नॉर्वेने 1987 मध्येच कॉड आणि हॅडॉक फेकायला बंदी केली. धरलंय ते आणा, मोजा. पिल्लं फार यायला लागली तर तेवढा समुद्राचा भाग बंद. युरोपीय संघाला हे ठरवायला 2013 उजाडलं आणि पूर्ण लागू व्हायला 2019. तिथेही चोरून फेकतातच, भर समुद्रात बघतंय कोण, हे मान्य. पण निदान फेकणं हा गुन्हा आहे एवढं तरी ठरलं.

आपल्याकडे कोटाच नाही. पावसाळ्यात 61 दिवस मासेमारीला बंदी, ती उठली की सगळे तुटून पडतात. आणि फावडंही आता पूर्वीइतकं चालत नाही म्हणे, कारण पिल्लांनाही गिऱ्हाईक आहे. कोंबडीखाद्याचे कारखाने आहेत, आपण आहोत. म्हणजे ते फावडं आता आपल्या बाजारात रिकामं होतंय.

लगेच कोणीतरी विचारेल, मग जवळाही बंद करायचा का? नाही बाप्पा, जवळा जन्मभर तेवढाच असतो. आणि हो, लहान मासळीवर गरिबाचं घर चालतं, तेही खरं. पण आज दोन किलो नेणाऱ्या बाई गरीब नव्हत्या. मोठी गाडी होती.

तांडेलावर मात्र राग काढवत नाही. त्याच सकाळी त्याने मला कालवण वाढलं. माझ्या ताटात चांगली सुरमई, आणि तो स्वतः त्या ढिगातले काटेरी मासे वेचून खात होता. डिझेल उधारीवर. त्याला कोण सांगणार जाळ्याची भोकं मोठी कर म्हणून? आपले विदर्भातले ढिवर, म्हणजे तलावातले मासेमार, तलावात बोटुकली (बोटभर पिल्लं) सोडतात आणि ती वाढायची वाट बघतात, कारण तलाव सोसायटीकडे ठेक्याने असतो. समुद्राचा ठेका कोणाकडेच नाही. तांडेलाने सोडलेलं पिल्लू उद्या शेजारच्या बोटीच्या जाळ्यात.

मी रोहू घेऊन आलो. पोरगी रुसून बसली आहे, तिला पापलेट हवं होतं. पुढच्या रविवारी तिच्या कंपासमधली पट्टी घेऊन बाजारात जाणार आहे. हसायचं त्यांनी हसा. येणार कोण, ते सांगा.