वादळात फुटलेल्या बोटीचा विमा मिळत नाही, हे खरं नाही

कोकण किनाऱ्यावर मोबाइलवर एक निरोप फिरतोय. त्यात म्हटलंय: ‘वादळ ही देवाची करणी. त्यात बोट फुटली तर विमा कंपनी पैसे देत नाही. दुसऱ्याची बोट दोर तोडून आपटली तरी कोणी जबाबदार नसतो. सर्व्हेअर (नुकसानीची पाहणी करणारा माणूस) येईपर्यंत बोटीला हात लावलात तर क्लेम गेला. सरकार भरपाई देतंच, मग हप्ते कशाला भरता?’ आमच्या घरातली जाणती माणसंही हे ऐकून मान डोलवू लागली, म्हणून लिहायला बसले.

पहिल्या वाक्यातच मोठी गल्लत आहे. ‘देवाची करणी’ हा बचाव ज्याच्यावर दोष येतो त्याचा. विमा कंपनीला कोणी दोष देतच नाही. तिने हप्ता घेऊन धोका पत्करलेला असतो. 1963 च्या सागरी विमा कायद्यात समुद्राचे धोके म्हणजे अकस्मात ओढवणारे अपघात. वाऱ्यालाटांचा नेहमीचा मारा त्यात धरत नाहीत. फळ्या कुजून शांत खाडीत होडी बुडाली, तर कंपनी नाही म्हणू शकते. वादळाने उचलून जेटीवर आपटली, तर त्याच धोक्यासाठी विमा उतरवलेला असतो.

मग ‘अमक्याला छदाम मिळाला नाही’ हे येतं कुठून? पॉलिसी न वाचण्यातून. हप्ता कमी बसावा म्हणून काही नाखवे, म्हणजे बोटमालक, फक्त संपूर्ण नुकसानीची पॉलिसी घेतात, म्हणजे बोट पूर्ण गेली तरच पैसे देणारी. एक बाजू फुटली, इंजिनात पाणी गेलं, पण बोट दुरुस्त होण्यासारखी आहे, तर अशा पॉलिसीत हाती काही येत नाही. मात्र दुरुस्तीचा खर्च दुरुस्त बोटीच्या किमतीहून जास्त होत असेल, तर कायदा तेही संपूर्ण नुकसान मानू शकतो. त्यासाठी बोटीवरचा हक्क सोडत असल्याची सूचना कंपनीला वेळेत द्यावी लागते. ही गोष्ट किती जणांना माहीत असते?

तांडेलाने, म्हणजे बोट चालवणाऱ्या प्रमुखाने, नांगर नीट टाकला नाही म्हणून क्लेम बुडेल, ही भीतीही अनेकांना असते. पॉलिसीत तसं वेगळं लिहिलेलं नसेल, तर तांडेल-खलाशांच्या निष्काळजीपणामुळे कंपनीची जबाबदारी टळत नाही. मालकाने जाणूनबुजून केलेला गैरप्रकार मात्र माफ नाही. बोट समुद्रात नेण्यालायक नाही हे ठाऊक असून मालकाने ती पाठवली आणि त्यामुळे नुकसान झालं, तर तेही कंपनी नाकारू शकते.

आता शेजारच्या बोटीचं. तौक्ते चक्रीवादळ आठवा. 14 मे 2021 ला अरबी समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र तीव्र झालं, आणि वादळ कोकण किनाऱ्याजवळून सरकलं ते 16-17 मेला. मधल्या दिवसांत हवामान खात्याचे इशारे येत होते. अशा वेळी कुजक्या दोरावर बोट सोडून घरी बसलेल्या मालकाला ‘देवाची करणी’ म्हणून सहज हात झटकता येत नाहीत. योग्य काळजी घेऊनही नुकसान टळलं नसतं, हे त्याला दाखवावं लागतं. दुहेरी दोर, चांगला नांगर असूनही सगळं तुटलं असेल, तर त्याचा दोष नाही. तिथे तुमची स्वतःची पॉलिसीच कामाला येते. म्हणून तुटलेल्या दोराचा फोटो काढा, तुकडा जपून ठेवा. आणि गावकीत बसून ‘माझी काही तक्रार नाही’ असं लिहून देण्याआधी कंपनीला विचारा. कंपनीने तुम्हाला पैसे दिल्यावर दोषी माणसाकडून वसुलीचा तुमचा हक्क तिच्याकडे जातो. तो तुम्हीच सोडून दिलात, तर क्लेम अडकू शकतो.

बोटीला हात न लावण्याचा सल्ला तर सगळ्यात घातक. नुकसान वाढू नये म्हणून शक्य ते करणं हे कायद्याने मालकाचं कर्तव्य आहे. खाऱ्या पाण्यात पडलेलं इंजिन सर्व्हेअरची वाट बघत नाही. कंपनीला लगेच कळवा, सगळ्या बाजूंनी फोटो आणि व्हिडिओ घ्या, मग इंजिन काढा, जाळी उचला, खर्चाच्या पावत्या ठेवा. फुटलेले भाग मात्र टाकू नका.

सरकारी मदतीचे आकडे बघा. 2015 ते 2020 च्या केंद्राच्या निकषांत पूर्ण नष्ट बोटीला 9,600 रुपये होते, अंशतः नुकसानीला 4,100. तौक्तेनंतर राज्याने पूर्ण नष्ट बोटीसाठी 25,000 दिले. लाखोंच्या बोटीपुढे हा आधार आहे, भरपाई नव्हे. केंद्राच्या मत्स्य संपदा योजनेतला मच्छीमारांचा 5 लाखांचा अपघात विमा माणसाच्या मृत्यूसाठी किंवा कायमच्या संपूर्ण अपंगत्वासाठी आहे. बोटीशी त्याचा संबंध नाही. हा अपघात विमा आणि बोटीचा विमा एकच समजून कित्येक जण निश्चिंत बसलेत, याची मला खरी काळजी वाटते.

बोटीवर कर्ज असेल तर पॉलिसीची मूळ प्रत बऱ्याचदा बँकेत किंवा मच्छीमार सोसायटीत असते. तिची झेरॉक्स मागून घ्या, आणि ती बोटीच्या केबिनमध्ये नको, घरात ठेवा.