चुना, सोडा आणि चामखीळ : एका रागावलेल्या प्रतिक्रियेला उत्तर

काकू, नमस्कार.

चामखिळीवरच्या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया रागाची असली तरी मुद्द्याची आहे, म्हणून उत्तर सविस्तर देतो. बाकीच्यांसाठी काकूंचं म्हणणं थोडक्यात असं : चुना-सोडा आणि घोड्याचा केस हे घरचे जुने उपाय मी उगाच मोडीत काढले. त्यांच्या आत्याच्या मानेवरची चामखीळ केसानेच गळाली होती. ‘थांबून बघा’ हा सल्ला नव्हे, नातवाच्या बोटावर एक होती तिच्या चार महिन्यांत पाच झाल्या. दुकानातलं औषध पंधरा दिवस लावलं तर भोवतालची कातडी सोलली, चामखीळ तशीच. काकांच्या तळपायालाही तसलंच काही आहे, त्यावर कॉर्न कॅप (कुरूपावर लावायची औषधी पट्टी) चालू आहे, शुगर आहेच. आणि शेवटी टोमणा, की औषधांचं दुकान चालवणारा आजीच्या बटव्याचं कौतुक कशाला करेल!

रामबागेत माझं औषधांचं दुकान आहे, हे खरं. पण चामखिळीच्या औषधाची एक बाटली अख्ख्या घराला पुरून उरते. तिच्यावर इंदूरमध्ये कोणाचा बंगला उभा राहिलेला मी तरी पाहिला नाही.

आता चुना-सोडा. त्याने काहीच होत नाही असं मी लिहिलंच नव्हतं. होतं, म्हणूनच भीती वाटते. पानाच्या ठेल्यावरचा ओला चुना आणि कपडे धुण्याचा सोडा एकत्र कालवला की रासायनिक क्रिया होऊन कॉस्टिक सोडा तयार होतो. तो कातडी अक्षरशः विरघळवतो, आणि वरचा थर जळाला म्हणून तिथे थांबत नाही, खाली उतरत जातो. चामखीळ जाते, पण बोटाच्या सांध्यावर कायमचा व्रण ठेवून. डाळीएवढा गोळा किती वेळ ठेवायचा, त्यात सोडा किती, हे दर घरी वेगळं. बिब्ब्याचं तेच. त्याचं तेल उतलं तर हातभर फोड येतात.

परंपरेचाच आधार घ्यायचा तर सुश्रुताचा घेऊ. चर्मकील, म्हणजे चामखीळ, शस्त्राने काढून क्षाराने (कातडी जाळणाऱ्या अल्कलीने) किंवा अग्नीने जाळावं, असं सुश्रुतसंहितेत आहे. पण तो क्षार कसा शिजवायचा, लावल्यावर आंबट द्रव्याने शांत कसा करायचा, याचा अख्खा अध्याय तिथे आहे. आणि क्षार कोणाला लावू नये, त्या यादीत गर्भिणी, म्हातारे, दुर्बल यांच्याबरोबर लहान मुलंही आहेत. तुमचा नातू आठ वर्षांचा आहे, काकू.

आत्याची गोष्ट मला खरी वाटते. मानेवर, काखेत, पापणीवर देठाने लोंबणारी मऊ गाठ वेगळी, बोटावरची खरखरीत चामखीळ वेगळी. नाव आपण दोघींना एकच देतो. लोंबणारीत विषाणूचा संबंध नसतो. तिच्या देठाला केस बांधला की रक्तपुरवठा तुटतो, ती काळी पडून गळते. कधीकधी पिकतेही, पण बऱ्याचदा गळते. नातवाच्या चामखिळीला देठच नाही, केस बांधणार कशाला? (मानेवर अशा गाठी पुष्कळ झाल्या असतील तर एकदा रक्तातली साखर बघावी. हे आत्यासाठी नव्हे, इतर वाचकांसाठी.)

बोटावरची चामखीळ एचपीव्ही नावाच्या विषाणूची. इटलीच्या चुफो नावाच्या डॉक्टरांनी १९०७ साली चामखिळीचा गाळलेला अर्क टोचून दाखवून दिलं की ती विषाणूमुळे होते. हा विषाणू कातडीच्या वरच्या थरातच राहतो. आत दिसणारे काळे ठिपके म्हणजे मुळं नव्हेत, त्या गोठलेल्या बारीक रक्तवाहिन्या असतात. ‘मूळ खणून काढा’ म्हणणाऱ्याच्या हाती ब्लेड देऊ नका. संसर्ग झाल्यापासून चामखीळ दिसायला बरेचदा दोन ते सहा महिने जातात. म्हणून एकीच्या पाच झाल्या त्या थांबल्यामुळे झाल्या असं नाही. नखं कुरतडताना, खाजवताना विषाणू आधीच पसरलेला असतो, तो आता दिसतो आहे. नखं कुरतडणं थांबवलं तर पुढच्या टळतील. शाळा बुडवायची गरज नाही, तरणतलावावर जाताना पट्टी लावली की झालं.

‘थांबा’ म्हणालो ते याच्यासाठी, की मुलांमधल्या सुमारे दोनतृतीयांश चामखिळी दोन वर्षांत आपोआप जातात. शरीर उशिरा का होईना विषाणूला ओळखतं. त्या वेळी जो उपाय चालू असेल त्याच्या नावावर श्रेय जमा होतं. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ! होमिओपॅथीच्या थुजाच्या गोळ्या, लसूण, केळ्याची साल, सगळ्यांचे अनुभव खरे असतात आणि तरी त्यांतून काही सिद्ध होत नाही. म्हणून मी उपाय निवडताना आधी बघतो, की गुण आला नाही तर तो काय बिघडवून जाईल. या परीक्षेत केळ्याची साल पास आहे, चुना-सोडा नाही.

नातवाला त्रास होतोय, मुलं चिडवतात, तर औषध जरूर लावा. तुम्ही आणलेलं सॅलिसिलिक अ‍ॅसिडचंच आहे, फक्त लावायची रीत वेगळी हवी. रात्री बोट पाच-दहा मिनिटं कोमट पाण्यात भिजवायचं, पुसायचं, आणि मऊ झालेला पांढरा थर जुन्या नेलफाइलने हलके घासायचा, रक्त येईपर्यंत नाही. ती फाइल मग दुसऱ्या कोणी वापरायची नाही. भोवतालच्या चांगल्या कातडीला व्हॅसलिन लावायचं (नातवाची कातडी सोलली ती हे राहिल्यामुळे) आणि काडीने एकच थेंब चामखिळीवर. सुकला की वर चिकटपट्टी. आग झाली तर दोन-तीन दिवस सुट्टी. आणि हे पंधरा दिवस नव्हे, बारा आठवडे. पंधरा दिवसांत कोणाला गुण येत नाही. बारा आठवड्यांनीही सगळ्यांना येतो असं नाही, पण नुसतं बसून राहण्यापेक्षा शक्यता बरी असते. तोंडावर आणि गुप्तांगावर हे औषध लावायचं नाही.

पुढची पायरी द्रवरूप नायट्रोजनने गोठवण्याची, उणे १९६ अंशांचा. सिटिंग दर दोन-तीन आठवड्यांनी, एकात क्वचितच भागतं, आणि दुखतं. आठ वर्षांच्या पोराला मी आधी घरचं औषध पूर्ण करू देईन. एमवायच्या, म्हणजे इंदूरच्या सरकारी रुग्णालयाच्या, त्वचारोग ओपीडीतही दाखवता येईल, खासगीतच जायला हवं असं नाही.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचं वाचून घाबरला असाल, तर ते एचपीव्हीचे वेगळे प्रकार, हातावरचे नव्हेत. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची एचपीव्हीची लसही हातावरच्या चामखिळीसाठी नाही.

राहिले काका. त्यांचं चालू असलेलं मला सगळ्यात काळजीचं वाटतं. कॉर्न कॅपमध्ये तेच अ‍ॅसिड चाळीस टक्क्यांपर्यंत असतं. शुगरच्या माणसाच्या तळपायाला जाणीव कमी असेल तर खाली जखम होते आणि कळतही नाही. शिवाय ती चामखीळ आहे की कुरूप, हे बघायला हवं. चामखीळ बाजूंनी चिमटल्यावर जास्त दुखते आणि तिच्यावरून कातडीच्या रेषा तुटतात. कुरूप सरळ दाबल्यावर दुखतं. पण हे घरी तपासत बसू नका. उतारवयात नवी उगवलेली, वाढणारी किंवा रक्त येणारी गाठ डॉक्टरांनीच बघावी. कॅप आज रात्रीच काढा, पाय धुऊन कोरडा करा, बोटांच्या बेचक्यांतही बघा. सकाळी डॉक्टरांकडे जाताना शुगरचे शेवटचे रिपोर्ट बरोबर न्या.