‘तीस दिवसांत लाख वाचक’ : त्या फॉरवर्डला माझं उत्तर

गेल्या महिनाभरात एकच मेसेज मला चार वेगवेगळ्या ग्रुपांवर आला. वर दोन बाणांची खूण, म्हणजे कित्येक हातांतून फिरून आलेला. मथळा, ‘तीस दिवसांत तुमच्या ब्लॉगला लाख वाचक’. खाली सूत्रं. मराठीत लिहून फायदा नाही, हिंदी-इंग्रजीत लिहा. रोज एक लेख टाका, एआयकडून लिहून घेतला तरी चालेल. लिंक रोज शंभर ग्रुपांत टाका. लेखात कीवर्ड, म्हणजे लोक शोधताना टाइप करतात ते शब्द, ठासून भरा. बॅकलिंक, म्हणजे दुसऱ्यांच्या साइटवरून आपल्या पानाकडे येणाऱ्या लिंक, विकत घ्या. आणि शेवटी ठळक अक्षरांत, ‘लेखनाला वीस टक्के वेळ द्या, प्रचाराला ऐंशी’.

मी बरीच वर्षं रानभाज्यांवर लिहिते. ठाणे जिल्ह्यात राहते, पावसाळ्यात स्टेशनबाहेर टोपल्या घेऊन बसणाऱ्या आदिवासी बायकांकडून भाज्या घेते, त्यांनाच विचारून शिकते आणि शिकलेलं वेबसाइटवर मांडते. असले मेसेज मी वाचून सोडून देत असे. या खेपेला सोडवलं नाही, कारण माझ्या ओळखीच्या एका निवृत्त बाईंनी तो खरा मानला. आजीकडून ऐकलेल्या जात्यावरच्या ओव्या, प्रत्येक ओवीमागच्या प्रसंगासकट, त्या लिहीत होत्या. मेसेज वाचून त्यांनी सोसायटीच्या, माहेरच्या, जुन्या सहकाऱ्यांच्या, सगळ्या ग्रुपांवर रोज सकाळी लिंक टाकायला सुरुवात केली. दहाव्या दिवशी एका भाचीनं सगळ्यांसमक्ष लिहिलं, “मावशी, रोज रोज लिंक नको गं.” बाईंनी लिंकही थांबवली आणि लिहिणंही. त्या ओव्या आता कुणाला सापडणार नाहीत. म्हणून हा एवढा प्रपंच.

पहिला मुद्दा मराठीचा. २०११च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख लोक होते, देशात तिसऱ्या क्रमांकाचे. त्यातले सगळे काही रानभाज्या शोधत नाहीत, पण जे शोधतात त्यांना मराठीत मिळतं तरी काय? इंग्रजीत पालकाच्या भाजीवर हजारो पानं आहेत, त्या गर्दीत आपलं हजार-एकावं कोण उघडणार? टाकळ्यासारख्या रानभाजीवर मराठीत नीट लिहिलेली पानं हाताच्या बोटांवर मोजता येतात. जाहिरातींच्या पैशासाठी मराठी सोडा म्हणणाऱ्यांनी हेही पाहावं, की साइटवर जाहिराती दाखवून पैसे देणाऱ्या गूगलच्या अ‍ॅडसेन्सनं हिंदीला २०१४मध्ये घेतलं आणि मराठीलाही २०१८पासून घेतलेलं आहे.

मराठीत लिहिण्यातली खरी अडचण वेगळी आहे, आणि तो मेसेज तिच्याबद्दल अवाक्षर काढत नाही. एकाच वस्तूची आपल्याकडे दहा नावं असतात. माझा टाकळा विदर्भात तरोटा होतो. कर्टोली कुठे कंटोली, कुठे रानकारली. नागपूरचा माणूस टाकळा हा शब्द टाइप करणारच नाही, मग माझं पान त्याला दिसेल कसं? म्हणून मी पहिल्याच परिच्छेदात सगळी नावं घालते, कुठे काय म्हणतात ते सांगत. शिवाय पुष्कळ लोक मराठी शब्द रोमन लिपीत टाइप करून शोधतात, तेही ज्याच्या-त्याच्या मनाला येईल त्या स्पेलिंगनं. तो शब्द पानावर एखाद्या ठिकाणी, फोटोच्या वर्णनात का होईना, रोमन लिपीत असू द्यावा.

पानाच्या वेबपत्त्याचंही तसंच. ‘शेवळाची भाजी’ हा मथळा जसाच्या तसा पानाच्या पत्त्यात गेला की तो कॉपी करताना देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाचे, अगदी काना-वेलांटीचेसुद्धा, नऊ-नऊ अक्षरांचे तुकडे होतात. मी एकदा मोजले. या दोन शब्दांची टक्केचिन्हं, आकडे आणि रोमन अक्षरं मिळून बरोबर शंभर भरली. असली शेपटी व्हॉट्सअ‍ॅपवर आली की माणसाला वाटतं, काहीतरी व्हायरस दिसतोय. तेच रोमन लिपीत सोळा अक्षरांत बसतं. नव्या लेखाला हे जरूर करा. जुन्या लेखांचे पत्ते मात्र उगाच बदलू नका, आणि बदलावेच लागले तर जुन्या पत्त्यावरून नव्याकडे रीडायरेक्ट लावा, नाहीतर ज्यांनी लिंक जपून ठेवलीय ते रिकाम्या पानावर जातील. डीटीपीवाल्याकडून जुन्या फॉन्टमध्ये टाइप करून आणलेला मजकूर तर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांना सारख्याच कळणाऱ्या अक्षरसंकेतात, आणल्याशिवाय टाकूच नका. तो तुम्हाला मराठी दिसला तरी गूगलच्या लेखी ती निरर्थक रोमन अक्षरं असतात.

‘कीवर्ड ठासा’ याचं उत्तर दोन ओळींत होतं. पानाच्या कोडमधला कीवर्डचा टॅग आपण क्रमवारीसाठी बघतच नाही, हे गूगलनं २००९मध्येच जाहीर केलंय. आणि मजकुरात एकच शब्द वीसदा घातला तर वाचणाऱ्याला ते पहिल्या परिच्छेदातच कळतं.

बॅकलिंक विकत घेणं हा तर पैसे देऊन दुखणं विकत घेण्याचा प्रकार आहे. विकतच्या लिंकांवर वर चढलेल्या साइट खाली आणण्यासाठी गूगलनं पेंग्विन नावाचा बदल केला तो २०१२मध्ये. त्यालाही आता किती वर्षं झाली! तरी ‘पाचशे रुपयांत हजार लिंक’वाले मेल माझ्याकडे अजून येतात. मला मिळालेली सगळ्यात कामाची लिंक एका शाळेच्या साइटवरून आली. त्यांनी मुलांकडून रानभाज्यांचं प्रदर्शन करवून घेतलं होतं, माझे फोटो वापरू का म्हणून विचारलं, मी हो म्हटलं आणि त्यांनी खाली माझ्या पानाचा पत्ता दिला. कुणाच्या तरी कामाला आलेली लिंक अशी असते.

आता शोधाबद्दल सविस्तर सांगते, कारण प्रचार म्हणजे काय हे मला तिथे कळलं.

गूगल सर्च कन्सोल फुकट आहे. आपली साइट त्यात नोंदवली की लोकांनी काय टाइप केल्यावर आपलं पान यादीत दिसलं आणि त्यातल्या किती जणांनी ते उघडलं, हे कळतं. शेवळावर मी एक लांब लेख लिहिला होता. शेवळं म्हणजे पहिल्या पावसाच्या आगेमागे जमिनीतून वर येणारे सुरणाच्या जातीतले कोंब. लेखात मी आठवणी लिहिल्या, जोडीला कोंबांचे फोटो आणि शेवटी कृती. वाचणाऱ्यांनी कौतुक केलं, पण पान फारसं कुणी उघडत नव्हतं. कन्सोलमध्ये पाहिलं तर लोक विचारत होते, ‘शेवळं खाल्ल्यावर घसा खाजतो उपाय’. कुणी ‘शेवळं काकडं प्रमाण’. कुणी नुसतंच, ‘काकडं म्हणजे काय’.

या प्रश्नांचं उत्तर माझ्या लेखात होतं, पण अकराव्या परिच्छेदात. शेवळाला खाज असते, ती मारायला त्यात काकडं घालावी लागतात. काकडं म्हणजे काकड झाडाची आंबट हिरवी फळं. टोपलीवाल्या बायका शेवळाच्या जुडीबरोबर ती देतात, आणि नवख्या गिऱ्हाइकाला ती कशासाठी ते ठाऊक नसल्यानं तो ती तिथेच ठेवून येतो. संध्याकाळी घरात सगळ्यांचे घसे धरतात, आणि मग कुणीतरी फोन हातात घेऊन शोधायला लागतं. माझ्या लेखाची खरी गरज त्या माणसाला, त्या क्षणी होती, आणि मी त्याला माझ्या लहानपणीच्या पावसाची गोष्ट सांगत बसले होते.

मी काकडांची माहिती वर आणली. मथळा केला, ‘शेवळं : खाज का येते, काकडं किती घालावीत’. काकडांचा तळहातावर ठेवून जवळून फोटो काढला. फोनमधला फोटो मूळच्या वजनाचा टाकला असता तर गावच्या नेटवर्कवर पान उघडता उघडलं नसतं, म्हणून तो हलका करून टाकला. आठवणी काढल्या नाहीत, फक्त खाली सरकवल्या. ज्याला सवड आहे तो तिथवर जातो. पुढच्या हंगामात ते माझं सगळ्यात जास्त वाचलं गेलेलं पान झालं, आणि त्याची लिंक मी कुठेही चिकटवली नव्हती.

मग ग्रुपांवर काही टाकायचंच नाही का? टाकायचं, पण कुणाच्या घरी गेल्यासारखं. व्हॉट्सअ‍ॅपनं २०१८मध्ये भारतात फॉरवर्डला एका वेळी पाच चॅटची मर्यादा घातली, आणि २०२०पासून खूप फिरलेला मेसेज एका वेळी एकाच चॅटला पाठवता येतो. अफवा आणि कचरा थांबवण्यासाठी हे करावं लागलं. त्याच व्हॉट्सअ‍ॅपवर रोज शंभर ग्रुपांत एकच लिंक चिकटवायला सांगणारा माणूस तुमचा नंबर धोक्यात घालतोय. चार जणांनी रिपोर्ट केलं की नंबर बंद होण्याची पाळी येऊ शकते, आणि तो नंबर तुमच्या बँकेलाही दिलेला असतो. नंबर शाबूत राहिला तरी माणसं दुरावतात, ती वेगळीच.

मी वर्षातून सात-आठ वेळा ग्रुपवर लिहिते. नुसती लिंक कधीच टाकत नाही. ‘बाजारात शेवळं आलीत. जुडीबरोबर काकडं मागून घ्या, विसरू नका, नाहीतर घसा धरेल. कृती हवी असेल तर खाली आहे.’ एवढं वाचून ज्यानं लिंक उघडली नाही त्याचंही काम झालं. पुढच्या वेळी तो माझा मेसेज वाचेल. बागकामाच्या ग्रुपवर कुणी टाकळ्याचा फोटो टाकून ‘हे तण कसं काढू?’ विचारलं, तर आधी उत्तर द्यायचं, तिथल्या तिथे, पूर्ण. लिंक त्यानं मागितली तर द्यायची. ओव्या लिहिणाऱ्या बाईंना मी हेच सांगितलं. रोज लिंक नको. संक्रांतीला संक्रांतीची एक ओवी अख्खी ग्रुपवर लिहा, प्रसंग दोन ओळींत सांगा आणि थांबा. तीच भाची म्हणेल, मावशी, अजून आहेत का?

‘रोज एक लेख, एआयनं लिहिलेला’ हे सूत्र मला सगळ्यात धोक्याचं वाटतं. ढिगानं पाडलेल्या, वाचकाच्या उपयोगी नसलेल्या पानांना गूगलनं मार्च २०२४मध्ये स्पॅमच्या धोरणात नाव देऊन बसवलं, मग ती माणसानं पाडलेली असोत की यंत्रानं. पण गूगलचं राहू द्या. शेवळाची एक यंत्रलिखित कृती मी वाचली, तिच्यात काकडं नव्हती. चिंच नाही, कोकम नाही, आंबट काहीच नाही. कोंब चिरा, परता आणि वाढा. असा लेख रोज एक याप्रमाणे वर्षभर टाकणारा माणूस किती घरांतले घसे धरायला लावेल? मला महिन्याला दोन लेख जमतात. दोन्हींतली भाजी मी स्वतः करून खाल्लेली असते.

ऐंशी-वीसच्या सूत्रात मात्र थोडं तथ्य आहे, आणि ते मान्य करायला हवं. आपल्याकडे चांगलं लिहिणारी माणसं ‘आपण होऊन कसं सांगायचं’ या संकोचात राहतात. लेख लिहिला, प्रकाशित केला, की संपलं. आपलं काम कुणाच्या उपयोगाचं आहे हे त्या माणसाला कळवण्यात कमीपणा नाही. टोपलीवाली बाई ‘घ्या ताई, शेवळं’ म्हणून हाक देतेच की. फक्त ती माझ्यामागे घरापर्यंत येत नाही. आणि प्रचाराच्या ऐंशी टक्क्यांत जुना लेख सुधारणं, मथळा बदलणं, फोटो हलके करणं, आलेल्या प्रश्नाला उत्तर देणं हे सगळं धरणार असाल, तर ते प्रमाण मलाही मंजूर आहे.

राहिले तीस दिवस. शेवळाचा तो लेख मी पहिल्यांदा ऑगस्टमध्ये टाकला होता, तेव्हा बाजारातून शेवळं केव्हाच गेलेली होती. तीस दिवसांनी आकडे पाहिले असते तर ते पान मी काढून टाकलं असतं. आता मी प्रत्येक भाजीचा लेख ती बाजारात येण्याआधी महिना-दीड महिना तयार ठेवते, म्हणजे गूगलला ते पान वाचून यादीत घ्यायला अवधी मिळतो. सध्या भारंगीचं पान सुधारणं चालू आहे. तिचा कडूपणा कसा घालवायचा, हे गेल्या पावसाळ्यात तेरा जणांनी विचारलं होतं, आणि माझ्या लेखात ते कुठेच नव्हतं.