शेअर ‘विकेपर्यंत कर नाही’ हा सल्ला महागात पडेल

विवरणपत्र भरायचे दिवस आले की आयटीवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरायला लागतो. कंपनीने दिलेले शेअर विकेपर्यंत कर नाही. इसॉप (ठरलेल्या किमतीला कंपनीचे शेअर घेण्याचा हक्क) काय नि आरएसयू (ठरावीक काळ नोकरी केल्यावर फुकट मिळणारे शेअर) काय, कराला दोन्ही सारखेच. विकल्यावर पुन्हा कर म्हणजे दुहेरी कर. आणि परदेशी शेअर तिकडच्याच खात्यात असतील तर इथे दाखवायची गरज नाही. हे चारही दावे चुकीचे आहेत आणि पहिला तर घातक.

‘विकेपर्यंत कर नाही.’ भारतात शेअर नावावर होतात तेव्हाच पहिला कर लागतो. त्या वेळच्या भावातून तुम्ही भरलेली किंमत वजा करायची. उरलेला फरक पगारात धरला जातो. समजा, शेअर बाजारात न आलेल्या कंपनीचे १,००० ऑप्शन (म्हणजे इसॉपचे हक्क) आहेत, एक्सरसाइज किंमत, म्हणजे शेअर घेताना भरायची ठरलेली किंमत, १०० रुपये आणि मर्चंट बँकरने काढलेला भाव ९०० रुपये. फरक ८ लाखांचा. ३० टक्के स्लॅब आणि ४ टक्के सेस धरून कर २,४९,६०० रुपये. शेअरचे १ लाख वेगळे. जवळपास साडेतीन लाख खिशातून गेले आणि हाती आले ते सहजी न विकता येणारे शेअर. पुढे ते ६०० रुपयांनी विकावे लागले, तर ९०० च्या भावाने मोजलेला ३ लाखांचा तोटा पगारातून वजा होत नाही. तो ८ वर्षं पुढे नेता येतो, पण भांडवली नफ्यासमोरच. भरलेला कर काही परत येत नाही. नोकरी सोडल्यावर ‘इतक्या दिवसांत ऑप्शन वापरा, नाहीतर गेले’ अशी अट अनेक योजनांत असते. त्या घाईत हा हिशेब कोणी मांडत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

या समजाचं मूळ बहुधा २०२० च्या अर्थसंकल्पातल्या सवलतीत असावं. पण तिथे कर माफ नाही, फक्त लांबणीवर पडतो, आणि तोही करसवलतीचं वेगळं प्रमाणपत्र मिळालेल्या स्टार्टअपमध्येच. नुसती डीपीआयआयटीची, म्हणजे स्टार्टअपना मान्यता देणाऱ्या केंद्रीय विभागाची, मान्यता पुरत नाही. शिवाय नोकरी सोडली की हा कर लगेच देय होतो.

‘दोन्ही सारखेच.’ इसॉप कधी वापरायचा हे तुम्ही ठरवता, म्हणून कराचं वर्षही बऱ्याच अंशी तुमच्या हातात असतं. आरएसयूचं तसं नाही. व्हेस्ट होऊन, म्हणजे ठरलेली मुदत पूर्ण होऊन, शेअर खात्यात आले की कर लागला. कंपनी सहसा त्यातलेच काही शेअर विकून टीडीएस भरते.

‘दुहेरी कर.’ ज्या भावावर आधीच कर भरला, तीच विकताना खरेदी किंमत धरायची; कर फक्त त्यावरच्या नफ्यावर. पण आरएसयूसाठी आपण पैसे दिले नाहीत म्हणून बरेच जण विक्रीच्या वेळी खरेदी किंमत शून्य टाकतात. तेव्हा मात्र खरोखरच दोनदा कर जातो! व्हेस्टच्या दिवशी भाव ८,००० रुपये होता आणि ९,२०० ला विकला, तर नफा फक्त १,२००. अमेरिकेत नोंदलेला शेअर असेल तर २४ महिन्यांनंतर १२.५ टक्के, त्याआधी स्लॅबप्रमाणे. भारतीय शेअर बाजारात विकलेल्या शेअरवर मिळणारी सव्वा लाखाची सूट इथे नाही.

‘दाखवायची गरज नाही.’ निवासी भारतीयाने एकही परदेशी शेअर विकला नसला तरी विवरणपत्रातल्या शेड्यूल एफए या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात तो दाखवावाच लागतो, आणि तिथे आर्थिक नव्हे, कॅलेंडर वर्ष धरतात. न दाखवल्यास काळा पैसा कायद्याखाली १० लाखांचा दंड होऊ शकतो. ऑक्टोबर २०२४ पासून २० लाखांपर्यंतच्या अशा मालमत्तेला दंडातून सूट आहे, माहिती देण्यातून नाही. आणि आयटीआर-१ हा विवरणपत्राचा साधा फॉर्म परदेशी शेअर असणाऱ्यांसाठी नाहीच.