एलिफंट सीलच्या पिल्लांनी पक्षी खाल्ले नव्हते

नमस्कार. तुमचा आक्षेप थोडक्यात असा: बर्ड फ्लू हा पक्ष्यांचाच आजार, कोल्ह्या-मांजरांना तो होतो मेलेले पक्षी खाल्ल्यामुळे, साखळी तिथेच तुटते (सस्तन प्राण्यांत तो पुढे पसरत नाही), आणि तो पसरतो असं लिहून मी उगाच घबराट पसरवतोय.

कोल्ह्यांबद्दल वाद नाही, त्यांच्यात तो बहुतेक असाच शिरतो. पण साखळी दरवेळी तिथेच तुटते असं आता म्हणता येत नाही. अर्जेंटिनातल्या वाल्देस द्वीपकल्पावर २०२३ मध्ये एच५एन१ या बर्ड फ्लूच्या विषाणूमुळे एलिफंट सील या सागरी सस्तन प्राण्याची १७ हजारांहून जास्त पिल्लं दगावली. ही पिल्लं आईच्या दुधावर असतात आणि त्या काळात माद्या किनाऱ्यावर उपाशीच असतात. मग पक्षी खाल्ले कोणी? तिथल्या सागरी सस्तन प्राण्यांतले विषाणू जनुकांवरून एकमेकांचे जवळचे नातेवाईक निघाले, सस्तन शरीराशी जुळवून घेणाऱ्या बदलांसकट.

असे बदल नेमके कुठे होतात ते महत्त्वाचं. विषाणूला स्वतःच्या प्रती काढायला पेशीतलं एएनपी३२ए हे प्रथिन लागतं. पक्ष्यांत ते लांब असतं, आपल्यात आखूड, त्यामुळे पक्ष्यांतला विषाणू आपल्या पेशीत अडखळतो. पण प्रती काढणाऱ्या त्याच्या पीबी२ प्रथिनात, उदाहरणार्थ, ६२७व्या जागी ग्लुटामिक आम्ल या घटकाऐवजी लायसिन हा घटक आला, की त्याचं काम भागतं. एवढंसं पुरतं, हे मला अजूनही अस्वस्थ करतं.

पेशीत शिरण्याची अडचण वेगळी. त्यासाठी पेशीच्या पृष्ठभागावरच्या सियालिक आम्ल या शर्करेला चिकटावं लागतं, आणि ती शर्करा पुढच्या साखरेला दोन प्रकारे जोडलेली असते. पक्ष्यांतल्या विषाणूंना अल्फा २,३ जोडणी मानवते, माणसाच्या नाका-घशात मुख्यतः अल्फा २,६ असते. माणसांत तो सहज पसरत नाही हे तुमचं म्हणणं म्हणूनच बरोबर आहे.

गायींच्या कासेत मात्र दोन्ही जोडण्या सापडल्या. मार्च २०२४ मध्ये अमेरिकेतल्या दुभत्या गायींत हा विषाणू आढळला तेव्हा सगळे फुप्फुसांकडे बघत होते आणि तो वाढत होता कासेत. दूध घट्ट, पिवळसर झालेलं. दूध काढायच्या यंत्रांतून एका गायीकडून दुसरीकडे, आणि गायींच्या वाहतुकीबरोबर एका राज्यातून दुसऱ्यात. गोठ्यातलं कच्चं दूध प्यायलेल्या मांजरीही मेल्या. (पाश्चरायझेशनने हा विषाणू निष्क्रिय होतो, तेव्हा चहा सोडायची गरज नाही.)

माणसाकडून माणसाकडे टिकून पसरणारी साखळी आढळलेली नाही आणि ती आढळलीय असं मी कुठेही लिहिलेलं नाही. सीलच्या पिल्लांबाबत तुमच्याकडे वेगळं स्पष्टीकरण असेल, तर जरूर मांडा.